पिल्लांच्या शीटेत रक्त दिसलं तर वाट बघू नका



होड्या वर ओढल्या की जून-जुलैत घरात रोजची रोकड येत नाही. तेव्हा चार अंडी आणि एखादा कोंबडा यावरच बऱ्याच घरांचा वरखर्च चालतो, आणि तो पैसा घरातल्या बाईच्या हातात असतो. नेमक्या याच ओल्या दिवसांत पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि आठवड्याभरात अर्धं खुराडं रिकामं होऊ शकतं. म्हणून आज मासळी बाजूला ठेवून कोंबडीवर लिहितो आहे.

परसात पाळायला वनराजा आणि ग्रामप्रिया ही पिल्लं आता बरेच जण आणतात. या जाती हैदराबादला राजेंद्रनगर इथल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केल्या. ही केंद्र सरकारची संस्था १९८८ साली सुरू झाली. वनराजा मांस आणि अंडी दोन्हीसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. रंगीत पिसांची ही कोंबडी मोठी झाली की परसात फिरून पोट भरते.

पण ही पिल्लं मशीनमध्ये उबवलेली असतात, त्यांना आई नसते. म्हणून पहिले साधारण ६ आठवडे त्यांना बल्बच्या उबेत, भुशावर, बंद जागेत वाढवावं लागतं. रक्ती हगवणीचं वयही तेच, ३ ते ६ आठवडे. गावठी पिल्लू आईमागे मोकळ्यावर फिरतं, त्याच्या पोटात हा जंतू थोडा थोडा जातो आणि अंगात ताकद तयार होते. बंद जागेत पन्नास पिल्लं एकाच ओल्या भुशावर असली की जंतूचा मारा एकदम होतो.

हा जंतू आहे तरी काय?

डॉक्टर याला कॉक्सिडिया म्हणतात. हा एका पेशीचा परजीवी, मलेरियाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादशेजारच्या सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. मलेरियाला डास लागतो, याला मात्र कोणी लागत नाही. आजारी पिल्लाच्या शीटेतून त्याची बारीक अंडी पडतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग द्यायला तयार होतात. दुसरं पिल्लू दाणे टिपताना ती गिळतं आणि ४-६ दिवसांनी आजारी पडतं. तोवर भुसा सगळा भरलेला असतो. म्हणून एक पिल्लू आजारी दिसलं तरी सगळ्यांनाच लागण झाली आहे असं धरून चाला.

ओळखायचं कसं?

पिल्लू पिसं फुगवून, पंख पाडून कोपऱ्यात उभं राहतं. दाणा सोडतं. तुरा फिका पडतो. शीट पातळ, चॉकलेटी किंवा सरळ रक्ताची होते. मेलेलं पिल्लू ताजं असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतड्याच्या शेवटच्या दोन पिशव्या रक्ताने फुगलेल्या दिसल्या की डॉक्टरांना लगेच कळतं.

प्रत्येक हगवण रक्ती नसते, हे लक्षात ठेवा.
• दिवसातून एखाद-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट पडते. ती नेहमीची आहे, घाबरू नका.
• २ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाच्या मागे पांढरा चिकटा सुकलेला दिसला तर तो बॅक्टेरियाचा आजार असू शकतो.
• हिरवी शीट, घरघर, मान वाकडी होणं ही राणीखेतची लक्षणं. त्याला औषध नाही, फक्त लस.
• मोठी कोंबडी खाऊनही वाळत चालली तर जंत असतील.
• एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते विसरू नका.

उपचार

यावर अँप्रोलियम नावाची पावडर पाण्यातून देतात. पिल्लू खाणं सोडतं, पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातूनच. २० टक्क्यांची पावडर असेल तर आजार जोरात असताना १ लिटरला साधारण १.२ ग्रॅम, ५ दिवस; नंतर डॉक्टर सांगतील तसं कमी प्रमाणात पुढे. पाकिटावरची टक्केवारी आधी वाचा. पाणी रोज ताजं करा आणि दुसरं पाणी ठेवू नका. हे औषध बी-१ व्हिटॅमिनचं सोंग घेऊन जंतूला उपाशी मारतं, म्हणून त्या दिवसांत बी व्हिटॅमिनचं टॉनिक देऊ नका, कोर्स संपल्यावर द्या. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या कुटून घालू नका. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना औषध दिलं तर अंडी कधीपासून खायची ते डॉक्टरांना विचारा.

औषधाइतकाच भुसा महत्त्वाचा

ओला भुसा रोज काढा, कोरडा टाका. भांड्याभोवती चिखल होऊ देऊ नका. भांडी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे त्यात शीट पडत नाही. साध्या फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक ऊन यांनी मरतात. मोठ्या कोंबड्यांत पिल्लं मिसळू नका.

आणि आपल्या घरातली गोष्ट: खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा पिल्लांना घालू नका. जास्त मिठानेही पातळ शीट होते आणि पिल्लं मरतात. बिनमिठाची, नीट सुकलेली कुटी थोडी चालते.

मेलेली कोंबडी खाडीत टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

जवळ दवाखाना नसेल तर पशुसंवर्धनाच्या १९६२ या नंबरवर फोन करा. रोज सकाळी खुराडं उघडल्यावर आधी शीट बघा, मग दाणे टाका. एक दिवस लवकर कळलं तरी बरीच पिल्लं वाचतात.

आपला,
सचिव