गिटार अँपचा पॉट बदलताय? मग कपॅसिटरही बदला

घरात कुणी गिटार शिकत असेल, तर ‘अँप घरीच बनवू या’ हा विषय कधी ना कधी निघतोच. मग सर्किटचा नकाशा शोधला जातो. तो बऱ्याचदा असतो फेंडर कंपनीच्या 1950 च्या दशकातल्या ‘बासमन’चा. लंडनमधला पहिला मार्शल अँपही 1962 च्या सुमारास त्यावरूनच बेतला गेला. त्यामुळे आजही तेच आकडे भेटतात: ट्रेबलचा पॉट 250 किलोओहम, बासचा 1 मेगाओहम, मिडलचा 25 किलोओहम, सोबत 56 किलोओहमचा रेझिस्टर, 250 पिकोफॅरडचा एक आणि 20 नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर.

हे आकडे व्हॉल्व्हच्या सर्किटचे. तुमचं सर्किट 9 व्होल्टवर चालणाऱ्या ऑप-अँपचं असेल, तर एवढ्या मोठ्या रोधांमुळे मागे ‘सूंऽऽ’ असा आवाज वाढतो. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून लहान पॉट आणले जातात, पण कपॅसिटर मात्र जुनेच राहतात. घोटाळा होतो तो इथे! 56 किलोओहम आणि 20 नॅनोफॅरड ही जोडी साधारण 142 हर्ट्झला काम करते. रोध दहापट कमी केला, की तीच 1420 हर्ट्झवर जाते. म्हणजे बटण बासचं, पण हलतात मधले सूर.

नळाचं उदाहरण घ्या. बारीक धारेखाली तांब्या भरायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात दहापट धारेखाली दहापट मोठी बादली भरते. रोध दहाने भागला, तर कपॅसिटर दहाने गुणायचा. म्हणजे पॉट 25, 100 आणि 2.5 किलोओहम, रेझिस्टर 5.6 किलोओहम, कपॅसिटर 2.5 आणि 200 नॅनोफॅरड. दुकानात 2.2 आणि 220 मिळतील, तेच घ्या. 142 चे 129 हर्ट्झ होतील, कानाला फारसं कळणार नाही. पॉटच्या छापील आकड्यातच 20 टक्क्यांचा फरक चालतो!

पुढच्या टप्प्याचा 1 मेगाओहमचा व्हॉल्यूम पॉटही 100 किलोओहमचा चालेल. मागे मात्र ऑप-अँपचा बफर हवाच, नाहीतर आवाज दबतो.

हे सगळं 9 व्होल्टच्या सर्किटवरच करून पाहा. व्हॉल्व्ह अँपमध्ये 300 व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. तिथे मुलांनी हात घालू नये, हौशी काकांनीही नाही.

बासचा पॉट घेताना लॉग प्रकारचा मागा. हल्लीच्या बहुतेक पॉटवर त्याची खूण ‘ए’ असते.