हा निकाल कोणाचा?

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन आटोपले म्हणजे अनेक शाळांतून मुलांच्या हाती वार्षिक निकालपत्रके पडतात, आणि सायंकाळपर्यंत गावातील पेढेवाल्यांस उसंत मिळत नाही. पेढे वाटण्यास आमचा विरोध नाही. वर्षभर दप्तराचे ओझे वाहून एक इयत्ता पार करणाऱ्या मुलाचे तोंड गोड करणे हे आईबापांचे कर्तव्यच होय. परंतु निकालपत्रक हातात येताच बापाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो, तो बहुधा एकच असतो : ‘किती पडले?’ वर्षात काय समजले, काय आवडले, कोठे अडते, हे विचारणारा बाप शेकड्यात एखादाच. खातेवहीची शेवटची ओळ पाहून आपण नफा-तोटा ठरवितो, तसेच मुलाचे वर्षही मोजतो. या दोषापासून आम्हीही मुक्त नाही, आणि यंदा त्याबद्दल आमच्याच घरी आमची कानउघाडणी झाली. ती आमच्यापुरती ठेवण्याजोगी नाही, म्हणून वाचकांपुढे मांडतो.

आमची कन्या यंदा आठवी उत्तीर्ण झाली. आम्ही नेहमीचा प्रश्न केला, तिने आकडे सांगितले व आम्ही संतुष्ट झालो. कन्या मात्र गप्प होती. खोदून विचारता म्हणाली, ‘‘बाबा, आमच्या वर्गात गणितात जो पहिला येतो ना, तो जूनपासून येणार नाही. कापडाच्या दुकानात कामाला लागणार आहे. त्याने दाखलासुद्धा मागितला.’’ थोडे थांबून तिने विचारले, ‘‘तुम्ही तर वकील आहात. मग हे चालते कसे?’’

आमच्यापाशी उत्तर तयार होते, आणि ते तयार होते हीच लाजेची गोष्ट. होय, हे चालते. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याची धाव आठवीपर्यंत. बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्यास २०१६ साली दुरुस्ती झाली. तीअन्वये चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणाऱ्या मालकास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. परंतु चौदा वर्षे पुरी झाली की केवळ धोक्याची कामे वर्ज्य. कापडाचे तागे उचलण्यास मज्जाव नाही. म्हणजे एका कायद्याचे बोट सुटते त्याच वळणावर दुसऱ्याचेही सुटते. शिवाय आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळांत दुपारची खिचडी मिळते, पाठ्यपुस्तके फुकट मिळतात; नववीत दोन्ही बंद. गरीब बापाच्या हिशेबात या दोन बाबी लहान नाहीत. मुलगी असल्यास दुकानाऐवजी घरची चूल व धाकटी भावंडे तिची वाट पाहत असतात, एवढाच फरक.

आम्ही अधिक चौकशी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. या मुलाचे वडील बाजारात हमाली करतात. चौदावे वर्ष पुरे झाल्यापासून मुलगा पहाटे वितरकाकडे जाऊन वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडतो आणि अंक घरोघर टाकून मग शाळेस जातो. त्या गठ्ठ्यांत आमचेही पत्र असते. शिक्षणप्रसारावरील आमचे अग्रलेख वाचकांच्या दारात पोहोचविणाऱ्या मुलाचेच शिक्षण खुंटत होते, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता! दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आमचे माप आम्ही आमच्याच पदरात घेतो.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात जे विधेयक मांडले, त्यात मागणे किती माफक! सहा ते दहा वर्षांच्या मुलांस, तेही स्थानिक संस्थांच्या इच्छेनुसार, शाळेत येणे सक्तीचे करावे, इतकेच. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. परके सरकार विरोधात होतेच. पण पोरे शाळेत गेली तर शेतावर राबावयाचे कोणी, ही जमीनदारांची धास्तीही त्या विरोधात मिसळली होती. याउलट शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आज परके सरकार नाही, दोष ढकलण्यास दुसरे कोणी उरले नाही. मग चौदा वर्षांचा मुलगा शाळेतून उठून दुकानात येतो, तेव्हा आपण कोणाच्या पंक्तीस बसतो?

व्यापारी बंधू म्हणतील, ‘आम्ही त्यास पोटास लावतो, हा उपकारच नव्हे काय?’ यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरी संध्याकाळची चूल मुलाच्या मजुरीवर पेटते, तेथे कोरडा उपदेश करणे हे भरल्या पोटाचे काम होय. परंतु आज नववीत जाणारा गणिती मुलगा दहावी होऊन आला, तर तोच दुकानाचा जमाखर्च सांभाळील. आज आला तर जन्मभर तागे उचलील. यात मालकाचा तरी लाभ कशात आहे, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

यास्तव आमची सूचना साधी आहे. दारात कामास आलेल्या मुलास प्रत्येक दुकानदाराने आधी विचारावे, ‘कोणत्या इयत्तेत आहेस?’ घरच्या गरजेमुळे काम द्यावेच लागले, तर ते शाळा सुटल्यावर दोन तासांचे द्यावे. शिक्षकांनी दाखला देण्याचे नाकारू नये, कारण तो मुलाचा हक्क आहे. पण तो मागणाऱ्या मुलाच्या घरी एकवार अवश्य जावे. आणि पेठेतील व्यापारी मंडळाने नववी-दहावीच्या गरजू मुलांची पुस्तके व गणवेश आपल्या अंगावर घ्यावा. गणपतीच्या वर्गणीचा लहानसा हिस्साही त्यास पुरेल.

आमच्याकडून आरंभ झाला आहे. अंक टाकणाऱ्या मुलांपैकी जे शाळेत आहेत, त्यांच्या पुस्तकांचा खर्च यापुढे हे कार्यालय करील. त्या मुलाच्या वडिलांस आम्ही भेटलो. ते म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, पुस्तकं तुम्ही द्याल, पण महिन्याचा पगार बुडंल, त्याचं काय?’’ त्या दुकानाचे मालक आमचे वाचक आहेत. त्यांनी संध्याकाळचे काम देण्याविषयी विचार करतो, असे सांगितले आहे. विचार जूनच्या आत पुरा व्हावा, एवढीच त्यांस आमची विनंती.

शाळा उघडेल त्या दिवशी नववीच्या वर्गात हजेरी घेतली जाईल. त्या मुलाच्या नावापुढे ‘हजर’ असा शब्द उमटला, तर यंदा हे गाव उत्तीर्ण झाले असे आम्ही समजू. न उमटला, तर मुलांच्या निकालपत्रकांवर कितीही गुण असोत, नापास कोण झाले हे सांगावयास परीक्षकाची गरज नाही.