जिवाणूंद्वारे मृदाशुद्धीकरण

जिवाणूंद्वारे मृदाशुद्धीकरण ही शिसे, कॅडमिअम, क्रोमिअम इत्यादी जड धातूंनी दूषित झालेली जमीन जिवाणूंच्या साहाय्याने निर्धोक करण्याची पद्धत होय. धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे तेलासारखे विघटन होत नाही. जिवाणू केवळ त्याचे रूप बदलतात.

कार्यपद्धती

काही जिवाणू विषारी व विद्राव्य अशा षट्संयुजी क्रोमिअमचे कमी विषारी, अल्पविद्राव्य त्रिसंयुजी क्रोमिअममध्ये रूपांतर करतात. सल्फेटचे क्षपण करणारे जिवाणू धातूंची अविद्राव्य सल्फाइडे बनवतात. त्यामुळे धातू पिकांत व भूजलात कमी उतरतो.

महाराष्ट्रातील वापर

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) नागपूर जिल्ह्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे रायझोबिअम व अ‍ॅझोटोबॅक्टर वर्गांतील जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी वापरून झाडे वाढवली. झाडोऱ्यामुळे धातुयुक्त मातीची धूप रोखली जाते. कोळशाच्या राखेतही जड धातू अल्प प्रमाणात असतात. त्यामुळे बीड जिल्ह्यातील परळीसारख्या औष्णिक विद्युत केंद्रांच्या राखेच्या साठ्यांबाबतही अशा पद्धती विचारात घेण्याजोग्या ठरतात.

मर्यादा

स्थिर झालेला धातू जमिनीतच राहतो. आम्लता किंवा ऑक्सिजनचे प्रमाण बदलल्यास तो पुन्हा विरघळू शकतो. म्हणून उपचारानंतरही माती व पाण्याची तपासणी दीर्घकाळ करावी लागते.