गुणसूत्रांची ताटातूट

पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवला, की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. मुळाचे टोक सौम्य आम्लात मऊ करून ॲसिटोकारमाइनने रंगवावे आणि काचपट्टीवर हलकेच दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. चिकाटीने शोधल्यास एखाद्या पेशीत लाल धाग्यांचे दोन झुपके परस्परांपासून दूर निघालेले दिसतात. पेशीविभाजनातील हीच पश्चावस्था होय.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते आणि ही जोडी कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी जखडलेली राहते. मध्यावस्थेत सर्व जोड्या पेशीच्या मध्यावर येतात; दोन्ही ध्रुवांकडील तर्कुतंतू त्यांच्या गुणसूत्रबिंदूंना धरतात. (तर्कू म्हणजे सूत कातण्याची चाती, दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या या रचनेला नाव शोभते.) एक जरी जोडी तंतूंना जोडली जायची राहिली, तरी पेशी थांबते. सर्व जुळल्यावरच सेपरेज हे विकर कडी तोडते. मग आखूड होत जाणाऱ्या तंतूंबरोबर १६ गुणसूत्रे एका व १६ दुसऱ्या ध्रुवाकडे ओढली जातात. बिंदू पुढे आणि भुजा मागे, त्यामुळे ती चिमट्यासारखी वाकलेली दिसतात.

ही ताटातूट रोखणारी द्रव्ये ओळखीच्या वनस्पतींत आढळतात. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणारी कळलावी अत्यंत विषारी. तिच्यातील कोल्चिसिन तर्कुतंतू बनूच देत नाही. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये जो हिन त्जिओ व आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसिनने पेशी थोपवून मानवी गुणसूत्रे मोजली. ती ४८ नव्हे, ४६ भरली.

अंगणातील सदाफुलीचे मोल याहून अधिक. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. पुढे तिच्यातच व्हिन्क्रिस्टिन सापडले आणि ते मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरले जाते. भराभर विभागणाऱ्या कर्कपेशीचे तर्कुतंतूच बनले नाहीत, तर गुणसूत्रे विलग होत नाहीत आणि पेशी मरते. मात्र हे तंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे असतात, त्याच नलिका चेतापेशींतही असतात. म्हणून उपचार घेणाऱ्या मुलांच्या हातापायांना मुंग्या येतात, कधी पाऊल उचलणे जड जाते. डॉक्टर काटेकोर मोजलेली मात्रा केवळ शिरेवाटे देतात, ती यासाठीच. सदाफुलीचा पाला घरी उकळून पिणे धोक्याचे आहे. काढ्यात कोणते द्रव्य किती उतरले, हे पेल्याकडे पाहून कळत नाही.