ओसरीवर टी.व्ही. मांडताना

चैत्र-वैशाखात रात्रीची जेवणं उरकली, की माजघरात बसवत नाही. दिवसभर तापलेला पत्रा वरून आग ओकत असतो. मग सतरंजी ओसरीवर येते, म्हाताऱ्यांच्या खाटा अंगणात निघतात, आणि घरात एकटा टी.व्ही. तेवढा उरतो. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ''हा डबाच बाहेर का मांडू नये?''

विचार चांगला आहे. वाऱ्याला बसून चार माणसांनी मिळून बघण्यात जी मजा आहे, ती कोंदट खोलीत नाही. पण वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, टी.व्ही. बाहेर आणणं म्हणजे नुसती टेबलाची जागा बदलणं नव्हे. त्याच्या मागोमाग वीज बाहेर येते, शेजारपाजार येतो, किडामुंगी येते. म्हणून मांडण्याआधी चार गोष्टींचा विचार करा.

तो काळ आठवा

मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. खेड्यात संच यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. आला तो लाकडी कपाटातला, पुढे सरकती दारं असलेला, आणि गावात एखाद-दुसऱ्याच घरी. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा अशा घराची ओसरी भरून माणसं अंगणात बसत. कुणी संचाला हार घाली, कुणी उदबत्ती लावी. ओसरीवरचा टी.व्ही. ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मधल्या काळात घरोघर संच झाले आणि प्रत्येकानं आपापलं दार लावून घेतलं, इतकंच. आज तो पुन्हा बाहेर आणावासा वाटतो, हे एका परीनं बरंच आहे.

जागा कोणती?

ओसरीची मागची भिंत, म्हणजे जिच्यात घराचं दार असतं ती, टी.व्ही.साठी सोयीची वाटते. पण तिथं लावलेल्या संचाचं तोंड थेट अंगणाकडे येतं. दिवसा उजेड काचेवर पडतो, आणि चित्राऐवजी आपलंच अंगण दिसतं. त्यापेक्षा बाजूची आखूड भिंत बघा. उजेड अंगावर न येता कडेनं येतो, आणि माणसांना ओसरीच्या लांबीनं रांगेत बसता येतं.

घराचं तोंड पश्चिमेला असेल तर जास्त जपा. पावसाळी झड त्याच बाजूनं येते. अशा ओसरीवर संच कायमचा ठोकू नका. लाकडी टेबलावर ठेवा आणि मृगाच्या आधी आत घ्या. तोंड पूर्वेला असलं तरी बेफिकीर राहू नका, कारण वळीव दिशा विचारून येत नाही. संच आतल्या कोपऱ्यात, पागोळीपासून निदान चार-पाच हात आत असावा.

उंचीचं म्हणाल, तर पुढं पोरं सतरंजीवर आणि मागं मोठी माणसं खाटेवर अशी आपली बैठक. संचाची खालची कड जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास ठेवली, की पोरांची डोकी आड येत नाहीत आणि कुणाची मानही अवघडत नाही. बत्तीस इंची संच असेल तर पोरांना पाच-सहा फूट मागं बसवा.

शक्य झालं तर एक जुनी युक्ती पुन्हा करा. गावच्या सुताराकडून दोन दारांचं उथळ कपाट करून भिंतीला पक्कं लावा. पाठीमागं आणि वर चार-चार बोटं जागा मोकळी सोडा आणि हवेला भोकं ठेवा. बघून झालं, संच निवला, की दारं लावून टाका. मळणीचा भुसा, चुलीचा धूर, पाली आणि चिमण्या यांपासून संच वाचतो. कुंभारीण माशीला तर संचामागची छिद्रं आपल्यासाठीच केलेली वाटतात. ती मातीचं घर करायच्या आत आठवड्यातून एकदा, प्लग काढून, कोरड्या फडक्यानं मागची बाजू पुसावी. संच चालू असताना त्यावर प्लॅस्टिक मात्र टाकू नये. पावसाळ्यात संच आठ-आठ दिवस बंद ठेवू नये. थोडा वेळ चालवला की आतली ओल सुकते.

विजेशी खेळ नको

आता जी गोष्ट सांगतो, ती आमच्याच घरची. आम्हीही हौसेनं टी.व्ही. ओसरीवर आणला. लोखंडी स्टँड, आतल्या खोलीतून ओढलेली लांब वायर, आणि जमिनीवर ठेवलेला लाकडी बोर्ड. दोन महिने काही झालं नाही. एके दिवशी संध्याकाळी सूनबाई फरशी धुऊन काढत होत्या. ओल्या पायांनी त्यांनी स्टँड सरकवायला हात लावला आणि किंचाळून मागं फेकल्या गेल्या. हात तासभर बधिर होता. जीव वाचला तो नशिबानं. वायरमन आला, त्यानं दाखवलं. उंदरानं वायर कुरतडली होती आणि उघडी तार स्टँडला टेकली होती. बोर्डाचं तिसरं भोक नुसतं दाखवायचं होतं, त्यामागे अर्थिंगची तारच नव्हती. वायरमन म्हणाला, ''ई.एल.सी.बी. असता तर त्याच क्षणी वीज तुटली असती.'' लाइनीला आम्ही चार पैसे वाचवले होते, आणि सून गमावायची वेळ आली होती.

म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा:

ओसरीवर लोंबती वायर नको. परवानाधारक वायरमनकडून पाइपातून पक्की लाइन घ्या. प्लगाचा बोर्ड जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पाणी उडणार नाही आणि लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी बसवा.

घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ई.एल.सी.बी. बसवा. त्याला आता आर.सी.सी.बी. असंही म्हणतात. वीज वाट चुकून माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. त्यावर 'टेस्ट' असं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला नाही, तर तो बदलायला झाला असं समजा.

अर्थिंगचा खड्डा करून ठेवला आणि विसरलं, असं करू नका. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार आणि विजेची वायर यांची गाठ कधीही पडू देऊ नका. दोन्ही एकाच खांबाला किंवा खिळ्याला बांधण्याची चूक बऱ्याच अंगणांत दिसते. वायरचं आवरण झिजलं, की ओला कपडा टाकायला गेलेल्या बाईचा बळी जातो. आणि आकडा टाकून टी.व्ही. चालवण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्या लाइनीला ना फ्यूज, ना संरक्षण.

बत्तीस इंची नव्या संचाला साधारण पन्नास वॅट लागतात. रोज चार तास चालवला तरी महिन्याला सहा युनिट होतात. एवढ्यासाठी जीव कशाला टांगायचा?

वीज गेली की संच बटणावरून बंद करा. आल्याबरोबर दाब कमी-जास्त होतो, म्हणून पाच मिनिटं थांबून मगच लावा. आणि कुणाला शॉक बसलाच, तर आधी माणसाला हात लावू नका. मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं वायर दूर सारा आणि लगेच दवाखाना गाठा.

छत्री कुठं लावावी?

दरमहा पैसे भरायचे नसतील त्यांच्यासाठी दूरदर्शनची 'डी.डी. फ्री डिश' आहे. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याचं भाडं नाही. 'सह्याद्री' वाहिनी तिच्यावर दिसते, आणि शेतीला वाहिलेली 'डी.डी. किसान' ही २६ मे २०१५ पासून सुरू झालेली वाहिनीही दिसते. 'आमची माती, आमची माणसं' बघत ज्यांची एक पिढी शेती शिकली, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातून या छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, आकाशात बरंच वर, साधारण साठ अंशांवर येतं. त्या बाजूला आंबा, कडुलिंब किंवा नारळ आडवा असेल तर चित्र तुटतं. झाड तोडू नका, छत्री सरकवा. ती पत्र्याला न बांधता स्लॅबला किंवा पक्क्या भिंतीला बोल्टांनी आवळा, आणि विजेच्या तारांपासून इतकी लांब ठेवा की वादळात पडली तरी तारेला टेकणार नाही. केबल घरात शिरते तिथं भोकाच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं.

मोठ्या पावसात चित्र जातं, त्याला इलाज नाही. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो, तेव्हाही काही मिनिटं चित्र अडतं. तेवढ्यासाठी छत्री हलवू नका.

आभाळ गडगडू लागलं की टी.व्ही.चा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढा आणि माणसांनी घरात यावं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर घेतलंत, तर आसपास वीज पडण्याची आगाऊ सूचना मिळते.

दिव्याखालचे पाहुणे

पहिला पाऊस झाला की उजेडावर किडे येतात. किड्यांमागं बेडूक येतात, आणि बेडकांमागं कोण येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून संचावरचा दिवा घालवा, आणि एक पांढरा दिवा अंगणाच्या लांबच्या टोकाला लावा, म्हणजे किडे तिकडं जातील. ओसरीच्या कडेला लाकडं आणि गोवऱ्यांचा ढीग ठेवू नका. अंगणात उतरताना बॅटरी हातात असू द्या. आणि मालिका बघता बघता सतरंजीवरच झोपलेलं पोर तिथं राहू देऊ नका. मण्यार रात्रीच फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं कळतही नाही, इतका तिचा दंश बारीक असतो. पोराला उचलून खाटेवर घ्या आणि मच्छरदाणी खोचून लावा. साप चावल्याचा नुसता संशय आला, तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

टी.व्ही. कुणासाठी?

आता शेवटची आणि सगळ्यांत नाजूक गोष्ट. माजघरात टी.व्ही. होता, तेव्हा घरातल्या बायका काम करता करता चार घटका बघत होत्या. तो ओसरीवर आला, की तिथं सासरे, दीर आणि येणारे-जाणारे पुरुष बसतात. मग सून पदर सावरून उंबऱ्याच्या आत उभी राहते, आणि थोड्या वेळानं कामाला निघून जाते. कुणी तिला जा म्हटलेलं नसतं, पण ये असंही कुणी म्हटलेलं नसतं. घरातल्या थोरांनीच, ''बाळा, बस गं इथं,'' असं एकदा म्हटलं, की वाट मोकळी होते. रात्रीच्या भाकरीची वेळ आणि त्यांच्या आवडीचा कार्यक्रम एकाच वेळी येत असेल, तर एक दिवस जेवण अर्धा तास मागं न्या. ताटं आपली आपण घेतली तरी कुणाचा मान कमी होत नाही.

शेजाऱ्याचाही विचार हवा. भिंतीपलीकडे कुणी आजारी असेल, कुणाचं लेकरू दहावीला असेल. ओसरीवरचा आवाज गल्लीभर जातो. आवाज आपल्या उंबऱ्यापुरता ठेवा.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं २०२२ साली गावानं एक ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की साडेआठपर्यंत घरोघरचे टी.व्ही. आणि मोबाइल बंद. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसायचं. साऱ्या गावाला जे जमलं, ते एका ओसरीला जमायला काय हरकत आहे?

आणि दारात कुणी आलं, तर आधी टी.व्ही.चा आवाज बंद करा, पाण्याचा तांब्या पुढं करा आणि ख्यालीखुशाली विचारा. ओसरी बांधली ती आल्यागेल्याला टेकता यावं म्हणून. टी.व्ही. तिथं पाहुणा म्हणून आला आहे. त्याला चांगली जागा द्या, त्याची नीट देखभाल करा, पण घरच्या माणसांची जागा मात्र त्याला देऊ नका.