भारतातून परदेशात दत्तक : खर्च आणि पूर्वतयारी

व्याख्या आणि व्याप्ती

भारतातील मूल परदेशात वास्तव्य असलेल्या पालकांनी दत्तक घेणे म्हणजे आंतरदेशीय दत्तक. पालक परदेशी नागरिक, ओसीआय कार्डधारक किंवा अनिवासी भारतीय यांपैकी कोणीही असू शकतात. मूल देशाबाहेर जाणार असल्याने तिन्ही प्रकारांत दोन देशांचे कायदे लागू होतात. २०२३-२४ या वर्षात भारतात ४,००९ मुले दत्तक गेली. त्यांपैकी ४४९ परदेशी गेली. मूल ज्या देशात जाणार, त्या देशाप्रमाणे नियम बदलतात. येथील विवेचन मुख्यतः अमेरिकेपुरते आहे.

कायद्याची चौकट

परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांविषयी वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेला निकाल आजच्या व्यवस्थेचा पाया आहे. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत तो २००८ पासून लागू झाला. भारतात बाल न्याय अधिनियम २०१५ आणि दत्तक विनियम २०२२ यांनुसार काम चालते. त्याचे नियंत्रण ‘कारा’ अर्थात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे आहे. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

कोणते मूल, कोणते पालक

मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे बालकल्याण समिती घोषित करते. त्यानंतर ६० दिवसांत भारतीय वा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते मूल परदेशी पालकांसाठी खुले होते. पाच वर्षांवरील मुले, भावंडे आणि अपंगत्व असलेली मुले यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येते. त्यामुळे परदेशी नागरिकांच्या वाट्याला निरोगी तान्हे बाळ क्वचितच येते, हे प्रारंभीच समजून घेतलेले बरे. पालकांपैकी प्रत्येकाच्या आणि मुलाच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर हवे. विवाहाला दोन वर्षे झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

भारतातील ठरलेला खर्च

भारतातील रक्कम नियमाने बांधलेली आहे. परदेशी दत्तकासाठी विशेष दत्तक संस्थेला बालसंगोपन निधी म्हणून ५,००० अमेरिकी डॉलर द्यावे लागतात. मुलाच्या पासपोर्टचे नेहमीचे शुल्क १,००० रुपये आहे. याव्यतिरिक्त संस्थेने मागितलेली ‘ऐच्छिक देणगी’ ऐच्छिक नसते आणि वैधही नसते. विहित पद्धत डावलून मूल देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

परदेशातील न ठरलेला खर्च

खरा फरक पडतो तो पालकांच्या देशात. अमेरिकेत सर्व बाबी धरून परदेशी दत्तकाचा खर्च साधारणपणे २० ते ५० हजार डॉलर सांगितला जातो. त्यातील मोठा वाटा काराने मान्यता दिलेल्या परदेशी संस्थेच्या शुल्काचा असतो आणि ते संस्थेगणिक बदलते. त्याशिवाय होम स्टडीचे शुल्क, किमान दहा तासांचे पालक-प्रशिक्षण, बोटांचे ठसे, नोटरी आणि अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणन) हे खर्च येतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरायच्या आय-८००ए या अर्जाला एप्रिल २०२४ पासून ९२० डॉलर पडतात. विशिष्ट मुलासाठीच्या आय-८०० अर्जाला पहिल्या मुलापुरते शुल्क नाही. संस्था निवडताना एकूण आकड्यापेक्षा त्याची फोड महत्त्वाची : कोणती रक्कम परत मिळते, कोणती टप्प्याटप्प्याने भरता येते आणि पाठपुराव्याचे अहवाल तिच्यात धरलेले आहेत की नाहीत.

मुदतींचे गणित

अंदाजपत्रक बहुधा एखाद्या शुल्कामुळे नव्हे, तर संपलेल्या मुदतीमुळे कोलमडते. होम स्टडी म्हणजे सामाजिक कार्यकर्त्याने पालकांच्या घराची, उत्पन्नाची, आरोग्याची आणि मानसिक तयारीची केलेली तपासणी. हा अहवाल भारताच्या नियमांत तीन वर्षे चालतो. अमेरिकेत मात्र अर्जासोबत जोडताना तो सहा महिन्यांहून जुना चालत नाही आणि आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांनी संपते. मुलाची निवड त्याआधी झाली नाही, तर मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी होम स्टडी अद्ययावत करावी लागते आणि ठसेही पुन्हा द्यावे लागतात. मध्यंतरी घर बदलले किंवा नोकरी गेली, तरी अहवाल सुधारावा लागतो. म्हणून घर बदलायचेच असेल, तर ते होम स्टडीपूर्वी बदलणे स्वस्त पडते.

विवाहनोंदणी, उत्पन्नाचे दाखले, पोलीस तपासणी, वैद्यकीय प्रमाणपत्रे अशा कागदपत्रांचे नोटरीकरण आणि अपोस्टिल वेगवेगळ्या राज्यांत करावे लागू शकते. विवाह एका राज्यात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात असेल, तर दोन ठिकाणी पत्रव्यवहार आलाच. पालकांच्या नावांचे स्पेलिंग सर्वत्र एकसारखे असणे अत्यावश्यक. मधल्या जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याच्या पद्धतीमुळे महाराष्ट्रातील कागदपत्रांत ही तफावत नेहमी आढळते.

निवडीचे ९६ तास

नोंदणी ‘केअरिंग्ज’ या काराच्या संगणकीय प्रणालीवर होते. पाळी आल्यावर परदेशातील पालकांना दोन मुलांची माहिती पाठवली जाते. त्यांपैकी एका मुलासाठी ९६ तासांत आरक्षण आणि ३० दिवसांत लेखी स्वीकृती द्यावी लागते. या काळात मुलाचा वैद्यकीय अहवाल जाणत्या बालरोगतज्ज्ञाला दाखवणे हा सर्वांत उपयोगी खर्च होय. हा तज्ज्ञ आधीच ठरवून ठेवावा लागतो. चार दिवसांत तो शोधणे जमत नाही. मात्र अहवालालाही मर्यादा आहे. जन्मापूर्वीचा इतिहास, जन्मवजन किंवा नेमकी जन्मतारीख अनेकदा त्यात नसते, कारण ती कोणालाच ठाऊक नसते.

परवानग्यांचा क्रम

स्वीकृतीनंतर आय-८०० ला तात्पुरती मंजुरी मिळते. मग अमेरिकी दूतावास हेग कराराच्या कलम ५ नुसार पत्र देतो. त्यानंतर कारा ना हरकत प्रमाणपत्र देते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, काराचे हेग कराराच्या कलम २३ नुसारचे प्रमाणपत्र, पालकांची नावे असलेला जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. हा क्रम उलटवता येत नाही. अमेरिकी मंजुरीपूर्वी दत्तक पूर्ण केले, तर भारतात ते मूल कायद्याने पालकांचे ठरेल. पण अमेरिकेचा व्हिसा अडेल.

प्रवासाची तिकिटे तारीख बदलता येईल अशीच काढावी लागतात. भारतातील मुक्काम सहसा दोन-तीन आठवड्यांचा धरतात. पुण्यात वा मुंबईत आजी-आजोबांचे घर असेल, तर हॉटेलचा खर्च वाचतो आणि नव्या मुलाला हॉटेलच्या खोलीऐवजी घर मिळते. व्हिसापूर्वी वैद्यकीय तपासणी असते. तीत क्षयरोगाचा संशय आल्यास प्रवास लांबतो. दहा वर्षांखालील दत्तक मुलाच्या लसी अमेरिकेत पोहोचल्यावर देण्याची लेखी हमी दिली, तर त्या आधीच पूर्ण करण्याचे बंधन राहत नाही.

करसवलत, विमा आणि रजा

अमेरिकेत दत्तकाच्या खर्चावर आयकरात सूट आहे. २०२५ साठी तिची कमाल मर्यादा १७,२८० डॉलर असून त्यातील ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम कर नसला तरी परत मिळू शकते. परदेशी दत्तकात ही सूट दत्तक अंतिम झालेल्या वर्षापासूनच मागता येते. म्हणजे पैसे आधी उभे करावेच लागतात. नोकरीतील आरोग्य विम्यात मुलाचे नाव घालण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. पात्र कर्मचाऱ्यांना १२ आठवड्यांची रजा मिळते; संघीय कायद्यानुसार ती बिनपगारी आहे, त्यामुळे बुडणारा पगार हाही खर्चच.

व्हिसावर राहणारी दाम्पत्ये

आय-८०० चा मार्ग फक्त अमेरिकी नागरिकांना खुला आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या भारतीय जोडप्याने दत्तक घेतल्यास, दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि सहवास पूर्ण झाल्यावरच ते मूल अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत ‘अपत्य’ ठरते. तोवर त्याला अवलंबिताचा व्हिसा मिळत नाही. ही दोन वर्षे भारतात राहण्याची तयारी नसेल, तर बाकी तयारी निरुपयोगी.

नात्यातील मूल

भावाचे किंवा बहिणीचे मूल दत्तक घेऊन परदेशी नेण्याचा विचार मराठी कुटुंबांत नवा नाही. बाल न्याय अधिनियमात नातलग म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. चुलतभावाचे मूल त्यात बसत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ नुसार दत्तकपत्र नोंदवता येते, पण मूल देशाबाहेर न्यायचे तर काराची ना हरकत लागतेच. अडचण पुढेच आहे. हेग पद्धतीत मुलाचे दोन्ही जन्मदाते हयात असतील, तर ते त्याचे योग्य संगोपन करण्यास असमर्थ असावे लागतात. सुस्थितीतील भावाचा मुलगा या अटीत बसत नाही.

भाषा आणि घर

सहा-सात वर्षांचे मूल महाराष्ट्रातील संस्थेतून येत असेल, तर ते मराठी बोलते. न्यू जर्सीतील मराठी घराला ही मोठीच सोय आहे. शाळेला मात्र ते इंग्रजी न येणारे मूल असते आणि तशी मदत मागावी लागते. संस्थेतील जेवणाच्या वेळा, आवडीचे पदार्थ, झोपण्याची पद्धत, सांभाळणाऱ्या ताईंची नावे ही माहिती विचारून घेण्यास पैसा लागत नाही. तरीही ती बहुतेक याद्यांतून राहून जाते.

पाठपुरावा आणि नोंदी

मूल परदेशी पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला, असे एकूण सहा प्रगती अहवाल भारताला पाठवावे लागतात. दत्तक भारतात पूर्ण होऊन आलेले अठरा वर्षांखालील मूल अमेरिकेत प्रवेश करताच तेथील नागरिक होते. पुढे भारतीय पासपोर्ट रद्द करून ओसीआय कार्ड काढता येते. मूळ दत्तक आदेश आणि मुलाचा अभ्यास-अहवाल जपून ठेवावा लागतो. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. तिच्या वतीने तिऱ्हाइताला तो करता येत नाही.