आधी दात, मग हाड

भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, दाढांकडे न्यावा लागतो. दाढा टेकल्या तरी पुढच्या दातांत बोट जाईल एवढी फट राहते. नाहीतर खालचा जबडाच इतका पुढे, की बोलताना समोरच्याची नजर हनुवटीवरच जाते. दातिवरे, एडवण, कोरे अशा किनाऱ्यावरच्या गावांत असं एखादं पोर सगळ्यांच्या ओळखीचं असतं. "आजोबांवर गेलाय," म्हणून विषय मिटतो. आजोबांचा संबंध अनेकदा खराही असतो. स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्यात असा जबडा पिढ्यान्‌पिढ्या उतरला. दुसऱ्या चार्ल्सला (१६६१–१७००) तर धड चावताही येत नसे. त्याच्या काळी यावर इलाज नव्हता. आज आहे, आणि तो अर्धवट सोडला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

दात वेडेवाकडे असतील तर तारा पुरतात. पण हाडच कमी-जास्त वाढलं असेल, तर मोठ्या वयात नुसत्या तारांनी भागत नाही, तारांच्या जोडीला हाड सरकवायची शस्त्रक्रियाही लागते. चेहऱ्याचा बाजूने काढलेला विशिष्ट एक्स-रे, सेफॅलोग्राम, हा फरक मोजून दाखवतो. ब्रॉडबेंट आणि होफ्राथ या दोघांनी १९३१ साली, अमेरिकेत आणि जर्मनीत, ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली.

उपचार सुटतो तो पहिल्याच टप्प्यावर. खालचा जबडा पुढे आला की शरीर आपल्या परीने सावरून घेतं: खालचे दात आत कलतात, वरचे बाहेर झुकतात, आणि कसंबसं चावणं चालू राहतं. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचा डॉक्टर, तारा लावून हे सावरणंच मोडून काढतो. दात आपापल्या हाडावर सरळ उभे केले, की जबड्यांतलं खरं अंतर उघडं पडतं. म्हणजे वर्ष-दीड वर्ष चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, चावणंही बिघडतं. "तारा लावून पोरीचं तोंड आणखी बिघडवलं," असं घरात सुरू होतं ते नेमकं याच वेळी. पण दात असे मोकळे केले नाहीत, तर सर्जनला हाड हवं तितकं सरकवताच येत नाही. दात मध्येच आडवे येतात. काही निवडक रुग्णांत हल्ली शस्त्रक्रिया आधी आणि तारांचं बरंचसं काम नंतर करतात, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. भुलीची नळी नाकातून घालतात, कारण दात एकमेकांवर बसवून पाहायला तोंड मोकळं हवं. छेद बहुधा तोंडाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. खालच्या जबड्याचं हाड दाढांच्या मागे उभं चिरून आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे करतात आणि ते एकमेकांवरून सरकवतात. ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांची ही पद्धत १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून कापून, टाळूसकट सुटा करून हलवतात. एवढं हाड सुटं केल्यावर ते जगतं कसं? अमेरिकी सर्जन विल्यम बेल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की टाळू आणि हिरड्यांच्या मांसातून येणारं रक्त त्याला पुरतं. नवी जागा प्लास्टिकच्या पातळ साच्याने, स्प्लिंटने, ठरते आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी पक्की होते. पूर्वी जबडे कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवत. आता बहुतेकांना रबरबँड पुरतात.

पहिले दोन-तीन दिवस सूज भरपूर असते. पेज, गाळलेलं कालवण, मऊ भात यांवर साधारण सहा आठवडे काढायचे. सुका बोंबील नंतर. खालच्या ओठाला बधिरपणा येतो, कारण चिरलेल्या हाडातूनच तिथली नस जाते. तो हळूहळू ओसरतो, पण काहींचा थोडाफार कायम राहतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं पाहिजे आणि आपणही विचारलं पाहिजे. शेवटी चावा बारकाईने जुळवायला आणखी काही महिने तारा राहतात.

वाढ थांबल्याशिवाय हे करत नाहीत: मुलींत साधारण सोळा-सतराच्या पुढे, मुलांत अठरा ते एकवीस. एकूण दोन-अडीच वर्षं सहज जातात. म्हणून स्थळं बघायला लागल्यावर "लग्नाआधी उरकून टाकू" म्हणून धावणं चुकीचं. बारावीच्या सुमारास पहिली तपासणी झाली तर सगळं निवांत होतं.

दातिवऱ्याहून सफाळे स्टेशन गाठायचं आणि तिथून गाडीने मुंबई. मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्स आणि जबड्याची शस्त्रक्रिया हे विभाग एकाच संस्थेत आहेत, ही मोठी सोय. तारा घट्ट करायला महिन्या-दीड महिन्याने जावं लागतं. एका खेपेला अख्खा दिवस मोडतो, मजुरीही बुडते. तेव्हा तारा लावण्याआधीच दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून योजना केली आहे का, शस्त्रक्रिया साधारण कधी, खर्च किती आणि कोणती सरकारी योजना लागू होते, हे विचारून कागदावर लिहून घ्या. आणि सोबत घरातलं असं माणूस न्या, ज्याचा शब्द घरात चालतो. मधल्या वर्षात चेहरा बिघडलेला दिसेल, तेव्हा बाकीच्यांना समजावायचं काम त्यालाच करायचं आहे.